ओसरीचा गारवा

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाण्याहून धाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमच्या गृहनिर्माण संस्थेची मोजकी घरं उभी राहिली. सामाईक म्हणावं असं एवढंच होतं: पाण्याची विहीर, तिच्यावरचा पंप, टाकी आणि मधला मुरमाचा रस्ता. हे सगळं कधी तरी झिजणार, म्हणून घरटी वर्गणी राखीव निधीत जमा होई. त्यातलं काय कुठे खर्चायचं हे ठरवायला वैशाखात सभा भरे. मी एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे, म्हणून सभेचं इतिवृत्त माझ्याकडे आलं.

सभा नेहमी शेवटच्या घराच्या ओसरीवर होई. तिथे शाळेतल्या बाई राहत. यजमान एस.टी.त कंडक्टर, बहुतेक मुक्कामाच्या गाडीवर. घरात बाई आणि त्यांची लहान मुलगी. आमच्या घरांतल्या फरश्या दुपारी तापत. ही ओसरी मात्र माठासारखी गार असे. मधल्या एका सांध्यातून थंड हवा वर येई, तिला ओल्या मातीचा वास असे. त्या सांध्याजवळ जागा मिळावी म्हणून सभासद लवकर येत. रस्त्यावरून एस.टी. गेली की तिचा आवाज दोनदा ऐकू येई. एकदा रस्त्यावरून, आणि जरा उशिरा फरशीखालून.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. संस्थेने शेत घेतलं तेव्हा त्या कोपऱ्यात एक पडीक विहीर होती. ती दगड-मुरमाने बुजवायचं ठरलं, पण खर्च जड वाटला. कापूस निघून गेला होता, कपाशीची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, फुकट मिळत होती. प्रत्येक घराने गाडीभर पऱ्हाटी आणून आत टाकली. वरून माती लोटली. जे पैसे वाचले, त्यांनीच राखीव निधीची सुरुवात झाली. पुढे चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले, तेव्हा तो कोपरा बाईंना आला.

त्या वर्षी बाईंनी मागणी केली की पावसाळ्याआधी ओसरी उकलून विहीर दगडांनी भरावी. आतली पऱ्हाटी कुजून खाली बसत चालली होती, आणि मागच्या पावसात सांधा रुंदावला होता. बाई घराच्या उंबरठ्याशी उभ्या राहून बोलत होत्या. नेहमी तिथूनच बोलत. चहाचं ताटही उंबरठ्यावरच ठेवत, आम्ही उठून कप घेत असू. पुरुषांच्या सभेत बाईमाणसाचा संकोच, असं आम्ही धरून चाललो होतो.

“काकाजी, मले या पावसाचं भेव वाटते,” त्या म्हणाल्या.

अध्यक्ष निवृत्त तलाठी होते. “बाई, निधी जे हाय त्याच्या झिजीसाठी असते. पंप हाय, टाकी हाय. ती विहीर तं आता नाहीच. जे नाही, त्याच्यावर खर्च कसा टाकू?”

“नाही कशी? तुमी तिच्यावरच बसून राह्यले ना.”

सभा हसली. खजिनदार कापडाचे व्यापारी, अंगाने भरलेले, सांध्याला टेकूनच बसले होते. “मी रोज दुपारी दुकानात घामानं भिजतो, बाई. वर्षातून एकदा थंड बसू द्या. आन् मी खाली गेलो तं तुमची विहीर माह्यानंच बुजन!”

“शेठजी, हसा. पण हा निधी याच खड्ड्यातून निघाला. त्याचं त्याले द्या.”

खजिनदारांनी अडकित्त्यात सुपारी धरली. ती निसटली, फरशीवर पडली, गडगडत सांध्यापर्यंत गेली आणि आत उतरली. ते पुन्हा हसायला तोंड उघडत होते. तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं की सुपारी पडल्याचा आवाज आलेला नाही.

आम्ही वाट पाहत राहिलो. पंप टाकीत पाणी चढवत होता, तेवढाच आवाज होता. मग खालून, फार खालून, पाण्यात काही पडल्याचा आवाज आला. त्यामागून सांध्यातून गार हवेचा एक झोत आला, कोणी श्वास सोडावा तसा.

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. नंतर त्यांच्या पायांकडे. पाय उंबरठ्याच्या आत होते.

“बाई, तुमी या ओसरीवर कधीपासून येत नाही?”

“राहाले आलो त्या पयल्या पावसापासून. पोरगीबी परसदारानं जाते. तुमाले सांगतलं तं तुमी म्हणे, गारवा चांगला हाय.”

“मंजूर,” अध्यक्ष हळू म्हणाले. “सगळा निधी. लिहा.”

मी लिहिलं. सभा संपली, पण कोणी उठेना. उठायला फरशीवर भार द्यावा लागला असता. शेवटी एकेक जण भिंतीला पाठ लावून, चपला हातात घेऊन, कडेकडेने अंगणात उतरला. खजिनदार सर्वांत शेवटी उतरले. त्यांना हात बाईंनी दिला, उंबरठ्याच्या आतूनच.

पाऊस यायच्या आत काम झालं. दगडाच्या गाड्या येत राहिल्या. निधी संपला. पंपासाठी काही उरलं नाही.

पुढच्या वैशाखात सभा त्याच ओसरीवर भरली. फरशी आमच्या घरांतल्यासारखीच तापली होती. बाई आल्या आणि मधोमध बसल्या. मुलगी मांडीवर होती. आम्ही भिंतीच्या कडेने उभे होतो.

रस्त्यावरून एस.टी. गेली. फरशीखालून काही आलं नाही. तरी अध्यक्षांनी सभा लगेच सुरू केली नाही. सगळे खाली बघत, ऐकत राहिले.