बनारसी पितळेचे नऊ अंश

मी बनारसला संशोधन करत होतो म्हटलं की लोक आदराने विचारतात, "वेदान्तावर?" नाही हो, पितळेवर. घन पदार्थ तापवल्यावर त्यांच्या आत काय काय घडतं, हा माझा पीएच.डी.चा विषय. वडील ब्रह्माघाटावर याज्ञिकी करायचे आणि त्यांनाही आयुष्यभर अग्नीपुढेच बसावं लागलं, पण त्यांना निदान दक्षिणा मिळायची.

तांबं आणि जस्त निम्मं निम्मं घेऊन पितळ केलं, की दोघांचे अणू पंगतीतल्यासारखे एकाआड एक बसतात. तापवत गेलं की एका ठरावीक तापमानाला ही शिस्त मोडते आणि कोणीही कोणाच्याही पानावर जाऊन बसतो. ते तापमान मोजायला दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून भट्टीत सोडायच्या. या तारांना स्वतःची अक्कल नसते. भट्टीतलं टोक दुसऱ्या टोकापेक्षा किती गरम, एवढंच त्या सांगतात. म्हणून दुसरं टोक थर्मासमधल्या वितळत्या बर्फात ठेवतात. वितळता बर्फ म्हणजे शून्य अंश, हे शाळेतलं पोरही सांगेल.

एप्रिलमध्ये विभागाचं बर्फाचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा अर्ज कुठल्याशा टेबलावर समाधी घेऊन बसला. मी रोज सकाळी दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून बाहेर पडून सायकलने जायचो, तर वाटेत विद्यापीठाच्या फाटकाबाहेरच्या लंका नावाच्या चौकात एक कुल्फीवाला बसायचा. त्याला थर्मास दाखवून मी म्हणालो, "भइया, बरफ शाम तक ठंडा रहना चाहिए. पढ़ाई का सवाल है." पढ़ाई म्हटल्यावर तो विरघळला. लाकडाच्या भुश्शातली लादी बाजूला सारून त्याने खास कुल्फीच्या मटक्यातला बर्फ काढला आणि थर्मास गच्च भरला. "ले जा गुरु, एकरा से ठंढा बरफ पूरे बनारस में ना मिली." बर्फ आयता कुटलेला, थोडा सुटलेला, अगदी पुस्तकात लिहितात तसा होता. मी खूश.

मेअखेर माझ्या पितळेची शिस्त पुस्तकातल्या आकड्यापेक्षा नऊ अंश उशिरा मोडायला लागली. कधी आठ, कधी अकरा, सरासरी नऊ. माझे गाइड तसे जमदग्नी. आकडे दाखवले की "फिर से करो" एवढंच म्हणायचे. या वेळी त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि चक्क मला चहा पाजला. आमच्या पितळेत काहीतरी नवीन आहे, असं त्यांना वाटायला लागलं. मला तर वाटत नव्हतं, खात्रीच होती. त्यांनी जूनमध्ये व्याख्यान ठरवलं आणि परगावचे एक बडे प्राध्यापक मुद्दाम बोलावले. माझी शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे त्याच गृहस्थांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. ती बंद झाली असती, तर वडिलांमागे पळीपंचपात्र घेऊन हिंडणं एवढाच मार्ग उरत होता, आणि मंत्र तर मी केव्हाच विसरलो होतो.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी दुपारी लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, सुटली होती. प्रयोगशाळेच्या मिस्त्रींनी तोंडातलं पान थुंकलं, न विचारता माझ्या थर्मासमधला बर्फाचा खडा तोंडात टाकला आणि तोही थुंकला.

"ई त नमक हौ!"

कुल्फी जमायला मटक्यातल्या बर्फात मीठ घालतात, आणि मीठ घातलेला बर्फ शून्याच्या खाली जातो. हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. दुसरा कोणताही विद्यार्थी असता, तर त्या उकाड्यात त्याने पहिल्याच दिवशी एक खडा चघळला असता आणि तिथेच निकाल लागला असता. पण मी पडलो आईच्या हाताखाली वाढलेला. "बाजारचा बरफ तोंडात घालायचा नाही. कुठलं पानी असतं देव जाणे, आणि बोरीत गुंडाळून सडकेवरून घसीटत आणतात मेले." दोन महिने मी तो बर्फ रोज हाताळला, पण जिभेला लावला नाही. त्या दिवशी खात्रीसाठी लावला. आयुष्यातला पहिला बाजारचा बर्फ, आणि तो खारट निघाला.

मी घाबरलो होतो, हे कबूल करायला आता लाज नाही. मिस्त्रींना चार पानांवर गप्प करता येईल का, असाही विचार मनात येऊन गेला. मग सरांना बोलावून आणलं. त्यांनी थर्मासमध्ये थर्मामीटर बुडवला. शून्याखाली नऊ. मला वाटलं, आता थर्मास माझ्या डोक्यात बसणार. ते म्हणाले, "कल चार बजे आ जाना," आणि निघून गेले. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आईला उष्माघात वाटला आणि तिने कैरीचं पन्हं पाजलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरलेला होता. पाहुणे पहिल्या रांगेत. फळ्यावर सकाळीच कोणीतरी विषय लिहून ठेवला होता आणि खाली दोन नावं, आधी माझं, मग सरांचं. सर आले, त्यांनी डस्टर उचललं आणि माझं नाव पुसून टाकलं. सगळ्या वर्गाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. शिष्यवृत्ती गेली, पीएच.डी. गेली, असं मी मनातल्या मनात मोजत होतो.

सर म्हणाले, "जो नतीजा सुनाने के लिए आप लोगों को बुलाया था, वह गलत है. बर्फ में नमक था. थर्मामीटर डालकर देख लेना चाहिए था. दो महीने नहीं देखा गया."

वर्गात कोणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांनी वही मिटली आणि जरा घुश्शातच विचारलं, "यह प्रयोग किया किसने था?"

"बोर्ड पर लिखा है," सर म्हणाले.

मी, एवढा मोठा घोडा, मागच्या बाकावर सगळ्यांदेखत रडलो.