डिफेन्सचं दार

सोनोग्राफी करणारी मुलगी माझ्या डाव्या पायावर यंत्र दाबत होती, सोडत होती, पुन्हा त्याच जागी दाबत होती. काय दिसतंय, असं मी विचारलं. "डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. हे वाक्य कानावर आलं की समजावं, काहीतरी सापडलंय.

थोड्या वेळानं इमर्जन्सीमधले तरुण डॉक्टर पडदा सारून आले. "शीर दाबली की चपटी व्हायला हवी. तुमची होत नाहीये," ते म्हणाले. "डीप व्हेन थ्रॉम्बोसिस." म्हणजे पायातल्या खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होणं. मग त्यांनी विचारलं, जिने चढताना दम लागतो का. त्याच सकाळी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनचा जिना चढताना मी अर्ध्यावर कठडा धरून उभी राहिले होते. लगेच सीटी स्कॅन झाला. त्यासाठी शिरेतून औषध सोडतात, तेव्हा अंगभर अशी ऊब पसरते की चादर ओली झाली की काय असं वाटतं. तसं झालेलं नसतं, घाबरू नका. गुठळीचा एक तुकडा माझ्या फुप्फुसात जाऊन अडकला होता. याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात आणि यानं माणसं जातात, हे मला नंतर कळलं.

त्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "शनिवारी मॅच आहे. खेळता येईल ना?"

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं छताकडे बघितलं.

मॅच आइस हॉकीची. या घामट बेटावर बर्फ असतो, मॉलमध्ये, वरच्या मजल्यावर. मी पुण्यात शाळेत असताना सिमेंटच्या रिंकवर चाकांचे स्केट घालून हॉकी खेळायचे. नोकरीसाठी इथे आले, पहिल्यांदा बर्फावर उतरले आणि कामातून गेले. आठवडाभर सॉफ्टवेअर आणि शनिवारी हॉकी, अशी कित्येक वर्षं गेली. मी डिफेन्सला. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, आणि आपला गोल यांच्यामध्ये आपलं अंग घालायचं, हे आमचं काम. गोल मारणारीचे फोटो निघतात, आमचे पाय काळेनिळे होतात. मला त्या काळ्यानिळ्या पायांचा गर्व होता.

घोटाळा तिथेच झाला. पोटरी दुखायला लागली, मग सुजली, तर मी म्हटलं, पक लागला असेल. पॅड जिथे नसतं तिथेच तो नेमका लागतो. डॉक्टरकडे जायचं मनातही आलं नाही. पुण्याहून आई राहायला आली होती. तिनं तिळाचं तेल कोमट केलं आणि रोज संध्याकाळी माझा पाय मांडीवर घेऊन चोळायला बसली. "हे असले मारामारीचे खेळ," असं पुटपुटत चोळायची आणि मला छान वाटायचं.

म्हणून हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते: एकच पाय सुजला, गरम लागला, दुखला, तर चोळू नका. आधी दाखवा. चोळल्यानं गुठळी सुटून वर जाऊ शकते.

हे वॉर्डातल्या नर्सनं मला समजावलं तेव्हा आई शेजारीच बसली होती. तिला इंग्रजी चांगलं कळतं. त्या दिवशी कळलं नसतं तर बरं झालं असतं. ती पदराला हात पुसत राहिली, तेल अजून लागलेलं असावं तशी. "मीच चढवली गं वर," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या हिमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्तविकारांच्या डॉक्टरबाईंना, मी ते सांगितलं. त्या आईसमोर खुर्ची ओढून बसल्या. "आंटी, ती कशानं सुटली ते मला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. जिने चढतानाही सुटते. मुलगी समोर आहे, तिच्याकडे बघा." त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

पोटात इंजेक्शनं, मग वॉरफरिन. ही रक्त पातळ ठेवणारी गोळी. ती बरोबर काम करते की नाही ते आयएनआर नावाच्या तपासणीत कळतं, त्यासाठी वरचेवर रक्त द्यायचं. पालेभाजी या गोळीच्या आड येते. बंद करायची नाही, पण रोज साधारण तेवढीच खायची. आई लिटिल इंडियातून, म्हणजे इथल्या भारतीय बाजारातून, मेथी, चुका, पालक पिशव्या भरभरून आणायची, तिला हे म्हणजे शिक्षाच वाटली.

घरी आले. इथल्या आमच्या फ्लॅटमध्ये जाड पोलादी दाराची एक खोली असते, तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात आणि सगळे तिथे अडगळ ठेवतात. माझी हॉकीची बॅग तिथे होती. मी बरी दिसत होते, चालत होते, ऑफिसला जात होते. फक्त येता-जाता ते दार उघडायचे. आत घामेजल्या ग्लोव्ह्जचा वास कोंडलेला असायचा. तो कोणालाही आवडणार नाही असा वास आहे. मी तो घेत उभी राहायचे. बर्फ नुकताच गुळगुळीत केलेला असताना पहिली आपण उतरावं, पात्याखाली तो करकरावा, यासाठी जीव तुटायचा. शनिवारी तर घरात कोणी माझ्याशी बोलायचंही नाही.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, गुठळी का झाली ते बघू. रक्तात काही अँटिबॉडीज सापडल्या, म्हणजे शरीरानं चुकून स्वतःविरुद्धच तयार केलेली फौज. कधीकधी त्या आपोआप जातात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायच्या. गेल्या तर काही दिवसांनी गोळी बंद, आणि गोळी बंद तर बर्फ. ते तीन महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आईनं परतीचं तिकीट पुढे ढकललं.

त्या दिवशी वेटिंग रूममध्ये माझा नंबर पडद्यावर आला तेव्हा आईनं कोपराजवळ माझी बाही धरली होती. अँटिबॉडीज होत्या तिथेच होत्या. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम: रक्ताला गोठायची खोड लागलेली. गोळी बहुधा जन्मभर.

"स्केटिंग सांभाळून करा. हॉकी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "डोक्याला मार लागला तर आतलं रक्त थांबणार नाही."

"आमच्या मुलींच्या लीगमध्ये अंगावर आदळायला परवानगी नाही," मी म्हटलं.

"आणि पक? तो नियम वाचून येतो?"

मी हसले आणि त्यांच्यासमोरच रडले.

आमची गोलकीपर वेई लिंग घरी आली, येताना चिकन राइस घेऊन. "मॅनेजर हो," म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे नाचणारीनं सतरंज्या उचलायच्या. तिला ते समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. मग ती म्हणाली, "यू डोन्ट कम, हू फाइट फॉर आवर आइस टाइम? मी शाय, लाह." आइस टाइम म्हणजे टीमला बर्फावर मिळणारा वेळ; ती पडली लाजाळू, आणि मला भांडता येतं हे टीममध्ये जगजाहीर होतं. मी गेले. रिंकच्या मिटिंगमध्ये पुरुषांच्या टीमनी मुलींना उरलासुरला वेळ द्यायची पद्धत पाडली होती, ती मोडून काढली. आता मी क्लबच्या कमिटीवर आहे, टीम निवडते, प्रायोजकांच्या मागे लागते. लोकांना वाटतं, हिनं जमवून घेतलं. नाही जमवलं. अजूनही खेळावंसं वाटतं.

आई परत जायच्या आधीच्या शनिवारी पहिल्यांदा मॅच बघायला आली, शाल, कानटोपी आणि दोन-दोन मोजे घालून. मी बेंचमागे उभी होते. बेंचला दोन दारं असतात. आपल्या गोलजवळचं दार डिफेन्सचं. खेळ चालूच असतो, दमलेली खेळाडू धावत येते, ते उघडायचं, एक आत, एक बाहेर, की लगेच बंद. उशीर झाला तर गोल बसतो. ते दार मी कोणाला देत नाही.

नूर आमच्यातली नवी डिफेंडर. तिचे खांदे किंचित खाली आले, तिनं अजून मागे वळूनही पाहिलं नव्हतं, तोवर मी कडी काढली होती. ती धापा टाकत आत आली. "आंटी, हाउ यू नो आह?"

आंटी. चला, तेही झालं.

मला कसं कळलं ते तिला सांगितलं नाही. तिच्याआधी माझेच पाय वळले होते. मॅच संपल्यावर आई कठड्याशी आली, माझे गार पडलेले हात हातात घेतले, चोळायला लागली आणि मध्येच थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"चोळ," मी म्हटलं. "हात आहेत. हातांना चालतं."