मी उलटा लावलेला कंट्रोल

मला मदत केली ती बदलापूर गावच्या रेडिओवाल्या काकांनी. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिताना माझा हात आखडतो, आणि मग तेवढंच राहून जायचं.

काका अंबरनाथ एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचे. पाळी सुटली की उल्हासनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून रेडिओ, टेप दुरुस्त करायचे. मी परभणीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. तेवीस वर्षांचा होतो. व्हिडिओ गेमच्या दुकानातल्या मशिनी सांभाळायचो आणि त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर राहायचो. नोकरी गेली की छप्परही जाणार, ही धास्ती कायम असायची.

नव्वदनंतरची गोष्ट. कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या मशीनचा आवाज बिघडला. मध्येच खरखर, मध्येच एकदम किंचाळी. वरच्या मजल्यावरचे आजोबा हृदयाच्या दुखण्यातून नुकतेच घरी आले होते. दुपारी आवाज हळू राहील, असा शब्द शेठने त्यांच्या सुनेला दिला होता. शेठ सिंधी, एरवी बोलायला गोड. त्या दिवशी म्हणाला, "देख, आज ये आवाज काबू में नहीं आया तो मशीन भी जाएगी और तू भी."

मी काकांकडे धावलो. त्यांनी नुसतं ऐकूनच सांगितलं, "व्हॉल्यूमचा कंट्रोल झिजलाय रं. नवा टाक." बिस्किटाच्या डब्यातून नवा कंट्रोल काढून दिला, वर तारा जोडायला स्वतःचं सोल्डरिंगही दिलं. म्हणाले, "तीन पाय, तीन तारा. तोडायच्या आधी कागदावर चित्र काढ, कंची तार कंच्या पायाला. मी अजून काढतो."

मी काढलं नाही. दुकानात शाळेची पोरं उभी होती, पाठीला दप्तरं. त्यांच्यासमोर गुडघ्यावर कागद धरून माझं वेडंवाकडं अक्षर काढायची मला लाज वाटली. तीनच तर तारा, राहतील लक्षात, असं म्हटलं. त्यात एक पोरगं मागे लागलेलं, "अंकल, जल्दी करो ना, मेरा कॉइन अंदर है."

तारा जोडल्या, कंट्रोलचं फिरतं बटण मधोमध ठेवून मशीन चालू केली. आवाज स्वच्छ आला. मी खूश होऊन वडापाव खायला गेलो.

मी नसताना आजोबांची सून खाली आली. आवाज अजून थोडा कमी करा म्हणाली. शेठने मशीनचं मागचं दार उघडून बटण कमीकडे फिरवलं, तर आवाज वाढला. पुरेसं फिरवलं नसेल असं वाटून त्याने ते टोकापर्यंत नेलं. मशीन गरजली ती मला वडापावच्या गाडीपाशी ऐकू आली. मी पोचेपर्यंत त्याने पिन उपटली होती आणि सून वर पळाली होती. आजोबा दचकून उठून बसले होते, घामाने भिजलेले. पुढे काही झालं नाही, पण ते आम्हाला संध्याकाळी कळलं.

मी आत डोकावलो आणि समजलो. टोकाच्या दोन तारांची मी अदलाबदल केली होती, म्हणून बटण उलटं चालत होतं.

"किसने किया ये?" शेठने विचारलं.

"काकांनी दिलेला कंट्रोलच उलटा आहे," मी म्हणालो. वाक्य असं बाहेर पडलं, जसं आधीपासून पाठ करून ठेवलं होतं.

शेठने काकांना बोलावून घेतलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर झाडलं. "इतने साल से बैठते हो साईं, और ऐसा माल देते हो? ऊपर बुड्ढा मर जाता."

काकांनी वाकून चष्म्यातून तारा बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

"हां शेठ, माझ्याच डब्यातला हाय. करून देतो," ते म्हणाले. कंट्रोल तोच ठेवून त्यांनी दोन तारा सोडवल्या आणि जागच्या जागी लावल्या. जाताना मला एकट्याला ऐकू येईल असं विचारलं, "चित्र नाय काढलंस ना?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"बरं," म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून आमच्या दुकानाचे पंखे, टेप दुरुस्तीला काकांऐवजी दुसऱ्याकडे जाऊ लागले. माझा पोटमाळा मात्र राहिला. मी त्यांच्या टेबलासमोरून जायचं टाळून पलीकडच्या कडेने जाऊ लागलो, तरी ते हाक मारायचे, "काय रं परभणी, जेवलास का?" 'हो' म्हणून मी सटकायचो. दुकान बंद होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, मला माफीचं एक वाक्य बोलता आलं नाही.

शेठ आता त्याच गल्लीत कापड विकतो. काका बदलापूर गावात घरीच असतात, असं ऐकतो. एक दिवस मी त्यांना रिक्षाने घेऊन येणार आहे आणि भर गिऱ्हाइकीत, त्यांच्या देखत शेठला सांगणार आहे की यांचा माल चांगला होता, तारा मी उलट्या लावल्या होत्या. त्यांचं एवढं तरी मी फेडीन.