भिंतीवरून आलेला वाडगा

लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा आम्ही हिवरखेड सोडून अमरावतीत राहायला आलो. दूर कुठल्या तरी मुलखात लढाई लागली होती, तिथला कापूस बंद पडला होता, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. ज्याच्या दावणीला बैलजोडी होती तो नांगर सोडून गाडी जुंपायला लागला. माझ्या नवऱ्यानेही शेत थोरल्या दिराच्या हवाली केलं आणि कापूस वाहायला सुरुवात केली. अमरावतीत गाडी भरायची आणि आगगाडीचा लोखंडी रस्ता जिथवर येऊन पोचला होता तिथवर, अकोल्याच्याही पलीकडे, नेऊन रिकामी करायची. मला गावीच ठेवावं असं सासूचं म्हणणं होतं. नवरा म्हणाला, शहरात खोली घेतली तर आल्यावर गरम भाकर तरी मिळेल.

खोली मिळाली ती बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढे घरमालकीण राहायची, मागे आमची एक खोली आणि एवढंसं अंगण. अंगणाच्या टोकाला छातीइतकी मातीची भिंत आणि भिंतीपलीकडे विणकरांची मुसलमान वस्ती. हंगामात गल्लीत सगळीकडे कापूस उडायचा. केसांत बसायचा, पाण्याच्या घागरीवर तरंगायचा, पिठातही सापडायचा. पीठ चाळलं तरी भाकरीत एखादा तंतू यायचाच.

पहिल्या खेपेला नवरा पंधरा दिवसांत येतो म्हणून गेला आणि दीड महिन्याने आला. पंधरावा दिवस उलटल्यावर मी रोज दोघांचा स्वयंपाक करू लागले, कारण तो कोणत्याही संध्याकाळी येईल असं वाटायचं. सकाळी उरलेलं गल्लीतल्या गाईला घालायचे. असे आठ-दहा दिवस गेले. मग मी एकटीपुरतंच करायला लागले, आणि एकटीपुरतं करायचं म्हटलं की हात चालत नाही हे तेव्हा कळलं. सकाळी दोन भाकरी थापायच्या, त्यातली एक संध्याकाळी तेल-तिखटाशी खायची. चूल पेटवायची ती सकाळीच.

दिवस मावळायला लागला की गल्लीतल्या बाया भांडी घासायला किंवा नुसत्याच टेकायला मागच्या दारी येत आणि एकमेकींना विचारत, “काय केलं वं आज?” आमच्या अंगणात घरमालकीण विचारायची. भिंतीपलीकडून विणकराची बायको विचारायची. ती माझ्या आईच्या वयाची होती. तिकडच्या पोरीबाळी तिला बुबू म्हणत, म्हणून मीही बुबूच म्हणायला लागले. जे रांधलं असेल ते सांगायचं, दुसरीने त्यावर दोन शब्द बोलायचे, एवढंच. पण नवरा बाहेर असलेल्या बाईने संध्याकाळी शिळी भाकर खाल्ली असं सांगितलं तर तिची कीव करतात. मला कीव नको होती. म्हणून मी सांगायला लागले, वांग्याची भाजी केली. कढी केली. अंबाडीची भाजी केली, कण्या घातल्या. घरमालकीण मान डोलवायची आणि स्वतःचं सांगायला लागायची.

एकदा मी सांगितलं, पातोड्या केल्या. घरमालकीण आत गेल्यावर बुबू भिंतीला टेकून हळूच म्हणाली, “तुह्या घरातून दुपारपासून धूर नाही निघाला आज. कालही नव्हता.”

मला इतकी लाज वाटली की मी उत्तर न देता आत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी अंगणात जायचं नाही असं ठरवलं होतं, पण घागर बाहेर राहिली होती. बुबू भिंतीशी उभीच होती. ती रागावली नव्हती. म्हणाली, “खोटं सांगायचं तर नीट सांगत जाय माय. पातोडी केली म्हणतेस, तं बेसनात काय काय टाकलं? ताटाले तेल लावलं का नाही? रस्सा कशाचा?”

मी सांगायला लागले. बेसनात तिखट, मीठ, ओवा. पाण्यात शिजवून घट्ट करायचं, तेल लावलेल्या ताटात थापायचं, वड्या पाडायच्या. रश्शाला कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर भाजून वाटायचं. ती मध्येच थांबवून विचारायची, खोबरं आधी भाजलं की कांदा? लसूण किती? माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी आईच्या चुलीपाशी बसले आहे असं वाटलं. नंतर तिने तिचं सांगितलं, डाळ-मटणाचा दालचा कसा करायचा, चिंच केव्हा घालायची, आणि त्यात ती एक मूठ मेथी टाकते, जी तिकडे दुसरं कोणी टाकत नाही. मी मांस खात नव्हते. तरी ऐकत बसले.

त्यानंतर आमचा तोच क्रम झाला. घरमालकीण आत गेली की आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी नीट सांगत असू. जे सांगितलं ते दुसऱ्या दिवशी करावंसं वाटायचं आणि कधी कधी मी खरंच करायचे. खरं केलं त्या दिवशी बुबूला ते सांगावं लागत नसे, धूर दिसायचा. एकमेकींकडचं खायचा प्रश्न नव्हता. ती आमच्या हातचं खाऊ शकली असती, पण तिच्या हातचं मी खाल्लं असतं तर घरमालकिणीने मला त्याच दिवशी बाहेर काढलं असतं, आणि गावी सासूने उंबरठ्याच्या आत घेतलं नसतं. हे आम्हा दोघींना माहीत होतं. म्हणून बोलण्यावरच भागवत होतो.

नवरा आला, चार दिवस राहिला, बैलांचे खूर पाहिले, जेवला, झोपला आणि पुन्हा गाडी भरून गेला. त्याला बोलायला फार आवडत नसे. मी चार दिवस चूल विझू दिली नाही.

पुढच्या हंगामात भिंतीपलीकडच्या मागाचा आवाज कमी झाला. आधी सकाळपासून खटखट चालायची. मग फक्त दुपारी. मग एक दिवस काहीच नाही. कापूस परदेशी चालला होता, सूत महाग झालं होतं, आणि महाग सुताचं लुगडं घेणारं गिऱ्हाईक नव्हतं. ज्या कापसाने माझ्या नवऱ्याला दोन गाड्यांचा धनी केलं, त्यानेच त्यांचा माग बसवला. बुबू तरी संध्याकाळी भिंतीशी यायची आणि सांगायची, आज खिचडी केली, आज भरडा केला. आता मी तिच्या घराकडे पाहायला लागले. धूर नव्हता.

मी तिला तसं बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी उठून पातोड्या केल्या, अगदी तिला सांगितल्या तशा. माझ्याकडचा पितळी वाडगा भरला, वर भाकरी ठेवल्या आणि घरमालकीण देवळात गेलेली पाहून भिंतीवरून दिला. बुबूने तो दोन्ही हातांनी घेतला. संध्याकाळी भिंतीशी येऊन एवढंच म्हणाली, “लसूण बरोबर पडला होता.”

वाडगा नऊ दिवस आला नाही. भरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत त्यांच्याकडेही होती. वाडगा कशाने भरावा या विवंचनेत ती असेल हे मला कळत होतं. मी वाडगा मागितला असता तर ते आणखी वाईट दिसलं असतं.

दहाव्या दिवशी दिवेलागणीला तिने वाडगा भिंतीवर ठेवला. वर पळसाचं पान होतं आणि ते सुताने बांधलं होतं. “तुह्यासाठी केलं,” ती म्हणाली आणि लगेच वळून गेली.

मी वाडगा आत नेला नाही. अंगणात सुपाखाली झाकून ठेवला आणि खोलीत जाऊन बसले. खावं की न खावं, हा प्रश्न मला पडला असं मी आज सांगितलं तर ते खरं होणार नाही. खायचं नाही हे मी तो हातात घेतानाच ठरवलं होतं. मला कोणी पाहत नव्हतं. घरमालकीण झोपायच्या तयारीत होती, नवरा अकोल्याच्या वाटेवर कुठेतरी होता. कोणी म्हणजे कोणीच नव्हतं. तरी मी पान सोडून पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी एक भिकारीण यायची, तिला म्हटलं, त्या सुपाखाली आहे ते तुझ्या भांड्यात काढून घे. ती काढून घेईपर्यंत मी घरात पाठमोरी उभी राहिले. मग वाडगा विस्तवात धरला, राखेने तीनदा घासला.

संध्याकाळी बुबू भिंतीशी आली. मी तिला आधी बोलू दिलं नाही. म्हटलं, “बुबू, फार चांगलं झालं होतं. तिखट जरासं जास्त होतं, पण मले तिखट आवडते. भाकरीसोबत खाल्लं.”

नीट सांगायला तिनेच शिकवलं होतं.

ती म्हणाली, “गव्हाची खीर होती माय. गूळ घातला होता त्यात.”

तीच पुढे म्हणाली, “जाऊ दे. दिवा लाव जाय, अंधार पडून राहिला.”

ती रागाने बोलली असती तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि रोजच्यासारखंच तिने विचारलं, काय केलं आज. मी म्हटलं, काही नाही. ते खरं होतं. ती बरं म्हणाली. गहू आणि गूळ तिने कुठून आणला असेल, कोणाकडे हात पसरले असतील, हे मला विचारायचं होतं. धीर झाला नाही.

त्या महिन्याच्या शेवटी ते लोक बुऱ्हाणपूरला गेले. तिकडे तिचा भाऊ होता. मागाचे लाकडी भाग गाडीवर बांधले होते, त्यांच्यामध्ये ती तोंड झाकून बसली होती. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. गाडी माझ्यासमोरून गेली. तिने मला पाहिलं असेल किंवा नसेल. तिची खोली एका व्यापाऱ्याने घेतली आणि छतापर्यंत रुई भरून ठेवली.

नवरा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, तो म्हणेल बरं केलं, म्हणजे माझं मन हलकं होईल. तो बैलांना पेंड कालवत होता. हात न थांबवता म्हणाला, “खायाची होती. रस्त्यानं म्या कोणाकोणाच्या हातचं खाल्लं. भूक लागली का माणूस विचारत नाही.”

हे त्याने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. ते त्याच्या ध्यानात आलं असं वाटत नाही.

लढाई संपली, भाव पडला, आगगाडी अमरावतीजवळ येऊन ठेपली आणि गाड्यांना काम उरलं नाही. आम्ही हिवरखेडला परतलो. खूप वर्षांनी बुऱ्हाणपूरचा एक विणकर लुगड्यांचं गाठोडं घेऊन आमच्या ओट्यावर आला. मी त्याला बुबूबद्दल विचारलं. त्याने नाव विचारलं. मला नाव माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्याचंही नाही. बुबू तर घरोघरी असतात, तो म्हणाला, काही खूण सांगा. मी म्हटलं, अमरावतीहून आलेली, भावाकडे राहिलेली, दालच्यात मेथी टाकणारी.

तो हसला नाही. जरा विचार करून म्हणाला, आता इतक्या वर्षांनी कसं कळणार बाई. मग त्याने गाठोडं सोडलं आणि मी त्याच्याकडून एक लुगडं घेतलं.