टू-स्ट्रोकची मागची सीट

या सदरातले न उलगडलेले अनुभव मी दोन वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगते, निम्म्यांहून जास्त वाचून हसले आहे. मी मुखेडच्या एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. माझं सगळं काम यादीवर चालतं... किराण्याची, गॅसच्या नंबरची, कपाटात कुठल्या कप्प्यात काय आहे त्याची. ज्याची नोंद नाही ते माझ्या लेखी घडलेलंच नसतं. म्हणून हेही नोंदीसकट लिहिते. वाचून हसलात तरी चालेल, मीही तेच केलं असतं.

माझं लग्न एक्केचाळिसाव्या वर्षी झालं. ह्यांचं दुसरं. पहिली बायको सुमन, आजारपणात गेली. ह्यांचं मुखेडमध्ये पाईप-फिटिंगचं दुकान आहे, आणि सासूबाई जळकोटला राहतात. दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे जातो.

ह्यांच्याकडे एक शंभर सीसीची टू-स्ट्रोक गाडी आहे. लाल टाकी, मागच्या सीटला धरायचा पट्टा. सुमनच्या वडिलांनी लग्नात दिलेली. म्हणजे तशी तिचीच. सुमन त्याच सीटवर बसून बाजारात जायची, माहेरी जायची, शेवटी शेवटी दवाखान्यातही त्याच सीटवरून गेली. हे सगळं मला कोणी मुद्दाम सांगितलं नाही. सगळेच बोलता बोलता सांगतात.

लग्नानंतरचा पहिला रविवार. मी मागे बसले, गाडी निघाली, जळकोट रस्त्यावर पेट्रोल पंपापर्यंत आली आणि बंद पडली. किक मारून मारून हे घामाघूम. मी उतरले, पहिल्या किकला चालू. पुन्हा बसले, शंभर पावलांवर बंद.

"जुनी हाय, लाजून राहिली," हे हसत म्हणाले.

मी एसटीनं गेले. हे गाडीनं. स्टँडवर उतरून घरी पोचले तर सासूबाईंच्या शेजारणी ओसरीत बसून बघत होत्या... नवरा गाडीवर आणि नवी बायको एसटीनं.

असं तीन वर्षं चाललं. माझ्याकडे स्कूटी आहे, स्वतःची, स्वतःच्या पगाराची. जळकोटला मी कधीही जाऊ शकते. प्रश्न जायचा नव्हता. प्रश्न त्या सीटवर बसायचा होता. तिथे ती पंधरा वर्षं बसली आणि मला एक रविवार बसता येऊ नये?

"विकून टाका ना," मी एकदा म्हणाले.

"तिच्या बापानं दिलेली वस्तू हाय. इकू कशी?"

"मग दुरुस्त तरी करा."

"मी एकटा असलो की काय बिघाड हाय तिला?"

हे त्यांनी सहज म्हटलं. मला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग मी वही केली. तारीख, जागा, गाडी तापलेली की गार, मी किती अंतर बसले, बंद पडताना आवाज कसा आला. बारा नोंदी झाल्यावर वही घेऊन मकबूलभाईंच्या गॅरेजवर गेले. मकबूलभाई म्हणजे मुखेडमधले जुन्या टू-स्ट्रोकचे शेवटचे मिस्त्री.

वही बघून ते म्हणाले, "भाभी, गाडीचा केसपेपर पहिल्यांदाच बघून राहिलो. टेन्शन घेऊ नका. वजन पडलं की सीट खाली दबते, कॉईलची वायर कुठंतरी चेसिसला घासते, करंट तिथंच पळतो. प्लगपर्यंत येतच न्हाई. दहा मिनिटांचं काम हाय."

मला इतकं हलकं वाटलं! वायर घासते. बस, एवढंच.

त्यांनी टाकी उतरवली. टाकीखालची कॉईल, तिच्यातून प्लगकडे जाणारी जाड वायर, टोकाची कॅप, सगळं तपासलं. वायर कुठेच सोललेली नव्हती. तरी नवी टाकली. कॅप बदलली. अर्थिंगचा बोल्ट घासून पुन्हा आवळला. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन प्लग काढला, इंजिनाला टेकवला आणि किक मारली. टच्चकन निळी ठिणगी.

"बघा. आता बसा तुम्ही."

मी मागच्या सीटवर बसले. किक. काही नाही. पुन्हा किक. काही नाही.

"उतरा."

उतरले. निळी ठिणगी.

मकबूलभाईंनी कानावर लावलेली पेन्सिल काढली आणि उगाच परत लावली. मग समोरच्या कांताबाईंना हाक मारली. त्या भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या आणि अंगानं माझ्यापेक्षा चांगल्या भरलेल्या.

"कांताबाई, जरा गाडीवर बसा."

"का? मला कुठं नेऊन राहिला?"

"न्हाई न्हाई, नुसतं बसा. करंट बघायचाय."

"माझा?"

त्या हसत हसत बसल्या. ठिणगी. शेजारच्या दुकानातून सोयाबीनचं पोतं आणून सीटवर ठेवलं. ठिणगी. पोतं काढून मी बसले. काही नाही. नुसती मी. बाकी कुणीही चालत होतं.

शेवटी मकबूलभाईंनी कॅप काढून वायरचं उघडं टोक बोटांत धरलं. जुने मिस्त्री असाच करंट बघतात. मी खाली उभी असताना किक मारली तर हात झटकून ओरडले, "आई शप्पथ!" मी बसले आणि त्यांनी पुन्हा किक मारली. वायर हातात तशीच, सुतळी धरल्यासारखी. कांताबाईंचं हसू थांबलं होतं.

"भाभी," ते हळूच म्हणाले, "कॉईलच बदलून बघू. नांदेडहून मागवतो."

नवी कॉईल आली. तोच प्रकार. काढलेली जुनी कॉईल त्यांनी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीला लावून मला तिच्यावर बसवलं. ती गाडी मस्त चालली. म्हणजे कॉईल चांगली, वायर चांगली, माझ्यातही खोट नाही. वहीत प्रत्येक ओळीपुढे 'ठीक' लिहून झालं. तपासायचं आता एकच राहिलं होतं, आणि ते मला लिहायचं नव्हतं.

आमच्या भागात दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायची रीत आहे. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईचा ठसा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तो माझ्या हातात दिला होता. "गळ्यात घाल माय. तिला बी बरं वाटंल, तुला बी."

"आई, देवघरात ठेवते, हळदकुंकू वाहते. गळ्यात नाही घालणार."

त्यांनी आग्रह केला नाही. नंतर मी तो देवघरातूनही उचलला आणि कपाटात ठेवला. कपाटाच्या यादीत त्याची नोंद आहे, 'चांदी, इतर.' रोज दिवा लावताना तिचं तोंड बघायचं नव्हतं मला. खरं कारण हेच.

तेव्हा शेवटची ओळ लिहिली: टाक. खोडून टाकायला म्हणूनच लिहिली. एकदा करून बघू, गाडी बंद पडेल, मग ही ओळही संपेल आणि मी गाडी विकायचा विषय पुन्हा काढेन.

रविवारी टाक काळ्या दोऱ्यात ओवून कुर्त्याच्या आत घातला. कुणाला सांगितलं नाही. बसले.

पेट्रोल पंप गेला. पहिला पूल गेला. हे खुशीत ओरडले, "मकबूलभाईनं काम केलं राव! कॉईलच गेली होती!" गाडी जळकोटपर्यंत एकदाही अडखळली नाही. शेजारणींनी पाहिलं. सासूबाई दारात आल्या, माझ्या गळ्याकडे बघितलं... तिथे ओढणी होती, दिसण्यासारखं काही नव्हतं. तरी म्हणाल्या, "बरं केलंस."

मी एकदाच घडलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारी नाही. पुढच्या दोन महिन्यांत मकबूलभाईंच्या गॅरेजवर, घरासमोर, रस्त्यावर मिळून दहा वेळा बघितलं. पाच वेळा टाक घालून, पाच वेळा न घालता. घातला की चालू. नाही घातला की बंद. पर्समध्ये ठेवून चालत नाही. अंगावर पाहिजे.

मकबूलभाईंना एवढंच सांगितलं की कॉईल नवी होती, बसायला वेळ लागला असेल. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. ह्यांना अजूनही काही माहीत नाही.

इथपर्यंतचं सगळं मी निभावून नेलं असतं. पण गेल्या महिन्यातली एक गोष्ट वहीत लिहिता आली नाही, ती इथे लिहिते.

जळकोटहून परत येत होतो. संध्याकाळचे साडेपाच, लख्ख ऊन. हे काहीतरी गुणगुणत होते. त्याआधी माझ्यासोबत असताना ह्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग पुढे बघतच ह्यांनी डावा हात मागे केला, चाकाच्या बाजूला काहीतरी चाचपलं, बोटांत गोळा केलं आणि वर उचलून अलगद माझ्या मांडीवर ठेवलं. साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून सावरतात, अगदी तसं. इतक्या मायेनं.

मी कुर्ता घातला होता. ओढणी गळ्याभोवती गच्च बांधलेली. खाली लोंबणारं काहीच नव्हतं.

"काय केलंत?" मी विचारलं.

"कुठं काय?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

सवयीचा हात असेल. मीही तेच लिहिलं असतं, पण ह्यांनी हात काढून घेतल्यावर माझ्या मांडीवर कापडाचं वजन होतं. मुखेडची पहिली घरं लागेपर्यंत होतं. बघायला काही नव्हतं. मी ते झटकलं नाही. ह्यांच्या खांद्यावरचा माझा हात तेवढा काढला आणि सीटचा पट्टा धरून बसले.

घरी आल्यावर टाक काढून कपाटात ठेवला. आणि पुढच्या रविवारी पुन्हा घातला.

याचा खुलासा माझ्याकडे नाही. विजेचं, चांदीचं, वजनाचं काही शास्त्र असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं, मी तपासून बघेन. फक्त टाक कायमचा काढून ठेवा आणि स्कूटीवर जा, असा सल्ला देऊ नका. तिच्यासोबत बसावं लागत असेल तर तिच्यासोबत बसेन. पण ती सीट मी तिच्या एकटीसाठी सोडणार नाही.