आईची विळी

आई गेल्यावर महिन्याभरातच वहिनीने तिची गंजलेली विळी भंगारात काढली. मी ती मुकाट्याने घरी आणली. पात्यावर लिंबू पिळलं, मीठ चोळलं आणि दुपारभर ठेवून नारळाच्या शेंडीने घासायला बसले. तांबडं पाणी ओघळत होतं. अंथरुणाला खिळलेल्या आईसमोरच वहिनी म्हणाली होती, "अजून किती दिवस?" तेच कानात घुमत होतं. रागाने हाताला केवढं बळ येतं! पातं लखलखलं, राग मात्र तसूभरही उतरला नाही.

दिवाळीत वहिनी आली आणि भाजी चिरायला बसली.

"वन्सं, छान आहे हो विळी! कुठून घेतलीत?"

"तुमच्या भंगारातून. आईची आहे."

तिचा हात थांबला. मी कोथिंबिरीची जुडी पुढे सरकवली.

"चिरा ना वहिनी. अगदी बारीक चिरा."