जळकं ऑइल

आकुर्डीच्या गॅरेजात मेकॅनिकनं स्कूटरचं जुनं, काळं ऑइल काढायला घेतलं आणि त्या वासानं मी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, चाकणच्या रानात पोचले. चुलतसासरे आमच्या हद्दीचे खांब गुपचूप उपटायचे. जमिनीत कुजू नयेत म्हणून सासूबाई बाभळीच्या खांबांची टोकं भाजून, जळक्या ऑइलात बुडवून पुन्हा रोवत होत्या. मी खांब धरलेला. सासूबाई खड्ड्यात दगड टाकून पहारीनं ठासत होत्या.

बांधावरून चुलतसासरे म्हणाले, "वहिनी, वाऱ्यानं पडत्यात वो खांब."

"व्हय भावजी. वारं वळखीचं हाय, म्हनून तर दगड घालतीया."

तेव्हा भीतीनं माझी मान वर झाली नव्हती. आता दोघंही नाहीत. परवा चुलतसासऱ्यांच्या मुलानं आमचे घाईत रोवलेले नवे खांब उपटले.

"ऑइल फेकू नका, भाऊ," मी मेकॅनिकला म्हटलं. "डब्यात भरून द्या. आमच्याकडं पुन्हा वारं सुटलंय."